तोंड न उघडण्याची अट

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. ह्यांनी गोळी किती वाजता घेतली, हाताचा कंप कधी वाढला, कधी उतरला, एवढंच लिहायचं. ते मी वहीच्या पुढच्या बाजूने लिहिते. ही मागची बाजू माझी. दिवसभरात जे बोलून काही उपयोग होत नाही ते इथे.

आजचं पहिलं: हे पुन्हा दाढी न करता खिडकीसमोर बसले होते. समोरच्या भिंतीत बघण्यासारखं काय आहे, असं विचारलं. "पाइप गळतोय," म्हणाले. तीन महिने तो पाइप गळतो आहे आणि तीन महिने हे बघत आहेत.

दुसरं: दुपारी म्हणाले, "ती पेटी कोणाला तरी देऊन टाक."

पेटी म्हणजे ह्यांचं सैन्य. काडेपेटीएवढे रणगाडे, बोटाच्या पेराएवढे शिपाई, पुठ्ठ्याची घरं, तारेची झाडं. एकोणीस वर्षं दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ही मंडळी मोठ्या टेबलावर लढाया खेळतात. टेपने इंच मोजून सैन्य पुढे सरकवायचं आणि कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. साठी उलटलेली माणसं! मला त्यातलं कधी काही कळलं नाही आणि कळून घ्यायला सवडही नव्हती. मी तेहतीस वर्षं रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजत होते.

पण त्या शिपायांच्या कोटांची बटणं ह्यांनी स्वतः रंगवली आहेत. आरेखक होते, सरळ रेघ मारायला ह्यांना पट्टी लागत नसे. नोव्हेंबरात खेळता खेळता तोच हात असा उडाला की अर्धं टेबल आडवं झालं, स्वतःचं आणि समोरच्याचंही. कोणीही चकार शब्द काढला नाही म्हणे. तेच ह्यांना लागलं. त्यानंतर गेले नाहीत.

पेटी गेली की मग फक्त तो पाइप उरणार, हे मला दिसतं आहे. मी ती कपाटात चादरींच्या मागे ठेवली आणि "बघते" म्हटलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ग्रंथपाल येऊन गेले. वाचनालय तेच सांभाळतात, खेळाच्या मंडळाचे चिटणीस तेच आणि पंचही तेच. एप्रिलमध्ये बाहेरगावी स्पर्धा आहे. चार जणांचा संघ जातो. हे अकरा वर्षं त्या चारांत आहेत. यंदा तिघं गुणांवर ठरले. चौथ्या जागेसाठी दोघांचे गुण सारखे पडलेत: हे, आणि दंतवैद्य, ज्यांचा गुडघा बदलला म्हणून तेही मध्ये आले नव्हते. तीन शनिवार, तीन डाव. दोन जिंकेल तो जाईल.

"माझं नाव काढा," हे म्हणाले.

"हात चालत नसेल, डोकं तर चालतंय ना?" ग्रंथपाल म्हणाले.

"डोक्याने रणगाडा सरकत नाही."

"मी सरकवते," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू भिंतीवरचं घड्याळ बोललं.

ग्रंथपालांनी विचार केला. "चालेल, ताई. मोजायचं, हलवायचं, फासे टाकायचे, सगळं तुम्ही करा. फक्त अट एकच. तोंड उघडायचं नाही. सल्ला दिलात की डाव गेला."

हे हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "मग गेलाच म्हणा," म्हणाले.

मी ह्यात हसण्यासारखं काय आहे ते विचारलं. मी प्रयोगशाळेत आठ आठ तास एक शब्द न बोलता बसत असे. कोणत्या रुग्णाला काय निघालं हे माझ्या तोंडून कधी बाहेर गेलं नाही.

शेवटी तयार झाले. वर मला बजावलं, "हरलो तर मात्र पेटी खरंच द्यायची. चादरींच्या मागे ठेवलेली चालणार नाही."

चादरींचं ह्यांना कोणी सांगितलं?

शनिवार, ८ फेब्रुवारी

नियमांची पुस्तिका वाचून काढली. बेचाळीस पानं. लिहिणाऱ्याने एकही गोष्ट तिच्या जागी सांगितलेली नाही. माझ्या हाताखाली असता तर पुन्हा लिहायला लावली असती. जे कळलं ते असं.

रणगाड्यावर दोन शस्त्रं. एक मोठी तोफ: लांब पल्ला, पण टाकायला फासा एकच. ती दुसरा रणगाडा फोडायला. आणि मशीनगन: सहा फासे, पल्ला फक्त बारा इंच. ती पायदळासाठी. रणगाड्यावर तिचा ओरखडाही उठत नाही, पण पायी चालणाऱ्यांना ती झोडपून काढते. गाडी हलवली तर सहाचे तीनच फासे मिळतात. पायदळाने रणगाड्याला येऊन हात लावला की खालून हातबॉम्ब, आणि रणगाडा गेला.

प्रत्येक फेरीच्या आधी प्रत्येक गाडीखाली एक चिठ्ठी पालथी ठेवायची. त्यावर 'चाल' किंवा 'दबा'. 'चाल' म्हणजे गाडी आपल्या पाळीत हलणार. 'दबा' म्हणजे जागची हलणार नाही, पण समोरचं पायदळ उघड्यावर आलं की त्याच्याच पाळीत त्याच्यावर तुटून पडणार, तेही दुप्पट फाशांनी. समोरच्याला चिठ्ठी दिसत नाही. सगळी गंमत तिथे आहे.

जेवणाच्या टेबलावर सराव केला. समोरून दहा शिपाई चालत आले. हे काय करतात? तोफ डागतात. एक फासा. लागली तर दोघं मेले, आठ उरले. आठ जण येऊन रणगाड्याला भिडले. असं तीनदा झालं.

"अहो, सहा फासे खाली आहेत ना तुमच्याकडे? ते कशाला राखून ठेवलेत?"

"मशीनगन वापरायची म्हणजे त्यांना बारा इंचांच्या आत येऊ द्यावं लागतं."

"मग येऊ द्या की. तेवढ्यासाठीच दिली आहे ती."

"तुला नाही कळायचं. तोफ ती तोफ."

मी कागदावर मांडून दाखवलं. निम्मे फासे लागतात असं धरलं तर एक गाडी एका फेरीत तीन शिपाई टिपते. दोन गाड्या शेजारी उभ्या करून दोन्ही दब्यावर ठेवल्या तर चोवीस फासे, बारा शिपाई, म्हणजे अख्खी तुकडी साफ. हे काही फार मोठं गणित नाही. ह्यांनी कागद बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला. एकोणीस वर्षं लोक हा खेळ तोफेच्या आवाजासाठी खेळत आहेत, आणि आवाजही येत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पहिला डाव हरलो.

वाचनालयाची वरची खोली म्हणजे दोन ट्यूबलाइट, एक पंखा, जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि मध्ये हिरवं टेबल. टेबलाच्या मधोमध चौरस्ता. आठव्या फेरीअखेर तो ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. समोर दंतवैद्य, गुडघा पुढे करून बसलेले. आजूबाजूला मंडळाचे सात-आठ जण. त्यांत एक ताडमाड तरुण, त्याला सगळे लांब्या म्हणतात. तो टेबलावर एवढा वाकतो की पंख्याचा वाराही अडतो.

हे हळू आवाजात सांगत होते, मी मोजून सरकवत होते. ह्यांचं अक्षर आता लागत नाही, म्हणून चिठ्ठ्याही मीच लिहीत होते. तीन फेऱ्या ठीक गेल्या. चौथ्या फेरीला समोरच्या राईत वीस शिपाई लपून बसले होते. आंधळ्यालाही कळलं असतं की गाड्या दब्यावर ठेवायच्या. हे कानात म्हणाले, "दोन्ही चाल." मी लिहिलं, दोन्ही चाल. पेन थोडं जोरात ठेवलं असेल, ह्यापलीकडे काही नाही. चेहरा अगदी कोरा.

दंतवैद्यांनी माझ्याकडे बघितलं. ते सारखे माझ्याकडेच बघत होते. दातांच्या माणसाला लोकांच्या तोंडाकडे बघायची सवय असणारच, पण रीत म्हणून काही असते. मग त्यांनी वीसच्या वीस शिपाई खुशाल राईबाहेर काढले. आमच्या गाड्यांना तीन तीन फासे. पाच मेले, पंधरा येऊन भिडले. दोन्ही रणगाडे गेले.

निघताना दंतवैद्य म्हणाले, "वहिनी, फार दुखलं का?"

"मला कशाला दुखेल?"

"सगळे असंच म्हणतात," म्हणाले.

घरी येताना हे रिक्षात हात मांडीखाली दाबून बसले होते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मुलीचा फोन. तिला सगळं सविस्तर हवं असतं आणि नंतर ती माझ्यावरच घसरते.

"आई, तू दोन तास गप्प बसलीस?"

"एक अक्षर बोलले नाही."

"आणि चेहरा?"

"चेहऱ्याचं काय?"

"काही नाही. मी दहावीचा निकाल घेऊन आले होते ते आठवतं? गणितात पंचावन्न."

"तेव्हाही मी काही बोलले नव्हते."

"तेच तर म्हणतेय," ती म्हणाली आणि हसत सुटली. मग बाबांना फोन द्यायला सांगितलं. दोघं पंधरा मिनिटं बोलत होते. हे मध्येच माझ्याकडे बघून "हो ना, अगदी" म्हणाले. काय हो ना, ते सांगितलं नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ह्यांनी दाढी केली. स्वतःच. दोन ठिकाणी कापलं. मी कापूस दिला. बोलले नाही.

नाश्ता करताना विचारलं, "त्या चौथ्या फेरीत तू काय केलं असतंस?"

"दबा. दोन्ही."

"हं."

"हं म्हणजे?"

"म्हणजे मला दिसलं होतं," म्हणाले. दिसलं होतं तर केलं का नाही? ह्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

जिंकलो, पण माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे.

आज ह्यांनी नवीनच खूळ काढलं. टेबलाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होते. मी काय नकाशा आहे? "डावीकडची गाडी... चाल," म्हणायचे, मग माझ्याकडे वळायचे आणि, "नाही, थांब. दबा." "चिलखती गाडी सहा इंच पुढे..." मी टेप उचलते न उचलते तोच, "नको. आहे तिथेच राहू दे." सबंध डावात असं अकरा वेळा झालं. मी मोजलं. प्रत्येक वेळी चिठ्ठी फाडून दुसरी लिहायची. एकदा काय ते ठरवून सांगा, असं ओरडावंसं वाटत होतं. पण अट म्हणजे अट. नाकाने श्वास घेतला, नाकाने सोडला.

एवढं मात्र खरं की दर वेळी चुकीचं सोडून बरोबर तेच धरत होते. माझा तो हिशेबाचा कागद शेवटी डोक्यात शिरला म्हणायचा. तोफ सबंध डावात एकदाच डागली. बाकी सगळं काम मशीनगनने केलं. दोन गाड्या शेजारी शेजारी, समोर उघडं रान. दंतवैद्यांची एक तुकडी चौरस्त्यापाशी अशी झोपली की उठलीच नाही.

दंतवैद्य मान हलवत म्हणाले, "अरे, तू ह्या वयात सुधारलास?"

"संगतीचा परिणाम," हे म्हणाले.

लांब्या एका बाजूला ग्रंथपालांच्या कानाला लागला होता. त्या मुलाला कोणीतरी सरळ उभं राहायला शिकवायला हवं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

माझ्याविरुद्ध तक्रार! माझ्याविरुद्ध!

ग्रंथपाल संध्याकाळी आले, चहा नको म्हणाले. त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी आहे. लांब्याचं म्हणणं, काकू खुणा करतात.

"कोणत्या खुणा? दाखवा करून."

"तशी खूण नाही, ताई."

"डोळा मारला? हात हलवला? खोकले?"

"छे छे."

"मग?"

ग्रंथपाल छताकडे बघत राहिले. "कसं सांगू... तुम्ही काही करत नाही. पण खोलीतल्या सगळ्यांना कळतं."

"काय कळतं?"

त्यांनी ह्यांच्याकडे मदतीसाठी बघितलं. मला वाटलं, आता हे माझी बाजू घेतील. बेचाळीस वर्षांचा संसार आहे. तर हे शांतपणे म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. असं करू. शनिवारी चिठ्ठ्या तुम्ही लिहा. मी तुमच्या कानात सांगेन. हिला कळायलाच नको मी काय सांगतोय ते. ही फक्त गाड्या सरकवेल."

ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला. लगेच चहा घेतला त्यांनी.

मी रात्रीच्या जेवणापर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही. माझ्या अक्षरावर बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळं घर चाललं, आणि आज माझ्यापासून चिठ्ठी लपवायची. हे मात्र खुशीत होते. दोनदा वाढून घेतलं. कंप नेहमीपेक्षा कमी. तेही वहीच्या पुढच्या बाजूने लिहिलं, कारण लिहायलाच हवं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ह्यांचं काहीतरी बिनसलं आहे. गोळ्यांनी भ्रम होऊ शकतो का, डॉक्टरांना विचारायला हवं.

आज सरावाला एकच चाल पुन्हा पुन्हा करवून घेतली. राईपासून बरोबर दहा इंचांवर दोन्ही रणगाडे नेऊन उभे करायचे. उघड्यावर. आता, पायदळ धावत सुटलं की बारा इंच जातं. म्हणजे राईत शिपाई असतील तर ते एका दमात येऊन भिडणार. गाडी चालत गेली असल्यामुळे फासे निम्मे. पहिल्या डावात ह्यांनी नेमकी हीच चूक केली होती, आणि आता ती जवळ जाऊन, नीट मोजून करायची.

सातव्यांदा गाड्या ठेवल्यावर विचारलं, "कसं वाटतं?"

सराव होता, बोलायला बंदी नव्हती. "शुद्ध मूर्खपणा वाटतो."

माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. "छान," म्हणाले.

 उजवा हात डाव्याने धरून ठेवला होता. म्हणाले, "शनिवारी हरलो तर पेटी दंतवैद्यालाच दे. तो नीट ठेवेल. पोरांच्या हातात नको." मी म्हटलं, आधी खेळा, मग वाटण्या करा. म्हणाले, "नाही, सांगून ठेवलं. पुढच्या वर्षी हात ह्याहून वाईट असेल."

ह्यावर मी काही बोलले नाही. बोलायला बंदी नव्हती, तरीही.

शनिवार, १ मार्च

दुपारचे साडेचार. नुकतेच आलो. हे आतल्या खोलीत पडले आहेत. सगळं जसं झालं तसं लिहिते, म्हणजे कोणी उद्या मला काही सांगायला नको.

खोली भरलेली होती. ग्रंथपाल ह्यांच्या बाजूला चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसले. दर फेरीला हे त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटायचे, ते लिहायचे, घडी घालून गाडीखाली सरकवायचे. मी हमालासारखी बाजूला उभी. फेरी संपली की चिठ्ठ्या उलटायच्या. पहिल्या फेरीत दोन्ही रणगाडे चाल. दुसऱ्या फेरीत चाल. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेरीत चाल. माझ्या गणिताचा कागद बहुधा धुवायच्या शर्टात गेला होता. पाच फेऱ्यांत आमचे सोळा शिपाई मेले, एक चिलखती गाडी गेली. चौरस्ता दंतवैद्यांच्या हातात. त्यांच्या तीन तुकड्या, तीस शिपाई, राईत सुखरूप बसलेल्या. झाडांत बसलेल्याला मशीनगन फारशी लागत नाही, तो बाहेर यावा लागतो. आणि ते कशाला बाहेर येतील? जिंकतच होते.

पाचव्या फेरीच्या आमच्या पाळीत हे म्हणाले, "दोन्ही रणगाडे राईकडे. दहा इंचांवर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ह्यांनी पुन्हा सांगितलं, "दहा. नीट मोज."

मी मोजलं. हात आवळून गाड्या ठेवल्या. एप्रिल डोळ्यांसमोरून निघून गेला. पेटी दंतवैद्यांच्या घरी गेली. खिडकी, पाइप, सगळं दिसलं. संताप असा आला की कानशिलं तापली. पण मी, माझी शपथ, एक रेषाही हलू दिली नाही. दगडासारखी उभी राहिले.

सहाव्या फेरीच्या चिठ्ठ्या. हे ग्रंथपालांच्या कानात बोलले. ग्रंथपालांनी लिहिलं, पालथं घातलं. पहिली पाळी दंतवैद्यांची होती.

दंतवैद्यांनी रणगाड्यांकडे बघितलं. मग टेबलावरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं. चांगलं मिनिटभर. मी समोरच्या मासिकांचे गठ्ठे मोजत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. थोडं वाईट वाटल्यासारखंही.

"सॉरी रे," ते ह्यांना म्हणाले. "आता संपवतोच." आणि त्यांनी तिन्ही तुकड्या राईबाहेर काढल्या. तीसच्या तीस. उघड्यावर. रणगाड्यांवर धावा.

"थांबा," हे म्हणाले. "चिठ्ठ्या उलटा."

ग्रंथपालांनी उलटल्या. दबा. दबा. आणि राईजवळच्या पुठ्ठ्याच्या गिरणीमागे उभी असलेली दुसरी चिलखती गाडी, जिच्याकडे तीन फेऱ्या कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, तिच्याखालीही दबा. तिला तर मशीनगन दोन आहेत.

अठ्ठेचाळीस फासे.

माझ्या ओंजळीत मावेनात. दोन-तीन खेपांत टाकले. लांब्या खाली पडलेले उचलून देत होता. सव्वीस लागले. मी स्वतः मोजले, मग ग्रंथपालांनी मोजले, मग पुन्हा मी. तिसांतले चार उरले, आणि नियमाप्रमाणे ते उलटे पळाले. उरलेल्या दोन फेऱ्यांत आमचे रणगाडे रमतगमत चौरस्त्यावर जाऊन उभे राहिले. समोर त्यांना अडवायला माणूसच नव्हता.

चौरस्त्यावर शेवटचा शिपाई ठेवायचा होता. मी उचलायला गेले तर हे म्हणाले, "मी ठेवतो." हात चाललाच नाही, शिपाई पडला, त्याने आणखी पाच पाडले. खोलीत पुन्हा तशीच शांतता झाली. दंतवैद्य म्हणाले, "पाड, पाड अजून. माझे तर आधीच मेलेत." हे मोठ्याने हसले. सगळेच हसले. मग दंतवैद्यांनी चिमटीत धरून तो शिपाई उभा केला, ह्यांचा.

लांब्या ग्रंथपालांना म्हणाला, "हे नियमात बसतं का?"

"कोणता नियम?"

"म्हणजे... काकूंचं."

"बेचाळीस पानांत चेहऱ्याबद्दल काही नाही," ग्रंथपाल म्हणाले आणि संघाच्या यादीत चौथं नाव लिहिलं.

दंतवैद्य काठी शोधत माझ्याजवळ आले. "वहिनी, पस्तीस वर्षं लोकांची तोंडं बघतोय. कोण खोटं सांगतंय ते लगेच ओळखतो. तुम्ही खरं सांगत होता, म्हणून तर फसलो."

"मी काही सांगितलंच नाही. मी तोंडही उघडलं नाही."

ते एवढे हसले की गुडघा धरून खुर्चीवर बसले. मला त्यांचं हसणं कळलं नाही. हरल्याचं काही वाटत नाही का ह्या माणसाला?

रविवार, २ मार्च

सकाळी ह्यांना सरळच विचारलं. दबा ठेवायचा होता तर मला का सांगितलं नाही? ग्रंथपालांना सांगता, मला नाही. मी कोणाला सांगितलं असतं?

चहाचा कप दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "कोणाला सांगितलं नसतंस गं."

"मग?"

"मग काय. जिंकलो ना?"

हे उत्तर झालं का?

दुपारी मुलीचा फोन. बाबांनी तिला आधीच सगळं सांगितलेलं. ती म्हणे, "आई, एप्रिलला तुला घेऊनच जावं लागणार. तू म्हणजे बाबांची चौथी गाडी." मी म्हटलं, मी टेप धरून उभी राहते, त्यापलीकडे माझा काही संबंध नाही. तर पुन्हा हसत सुटली. बापलेक दोघंही हसायला लागले की मला दुसऱ्या खोलीत जावं लागतं.

एप्रिलला जायचं हे मात्र खरं. तीन दिवस. ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून घ्यायला हव्यात, आणि आता परक्या माणसांसमोर उभं राहायचं आहे तर हे चेहऱ्याचं काय प्रकरण आहे ते एकदा बघून टाकावं म्हणून मघाशी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहिले. ट्यूबलाइट लावली. काल उभी होते तशीच उभी राहिले, ओठ मिटून, नजर सरळ. पाच मिनिटं बघितलं. काहीही दिसत नाही. कोरा कागद. त्या लांब्याला आणून दाखवायला हवा होता.

तेवढ्यात हे दारातून जाताना थांबले. आरशात माझ्याकडे बघितलं.

"एवढा आनंद झालाय होय?" म्हणाले आणि पुढे गेले.

मी तोपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते.